हेक्टर मोवॅटच्या कमरेवरचं चिन्ह

स्कॉटलंडमधल्या आमच्या हंटलीत कुणाचं लग्न ठरलं की नवरामुलगा आधी पाद्रीबुवांकडे जायचा आणि तिथून निघाला की हेक्टर मोवॅटकडे. हेक्टर बेकरीची गाडी चालवायचा. सकाळी आसपासच्या खेड्यांत पाव आणि खारट, चपट्या बटऱ्या पोचवून दुपारी घरी आला, की त्याच्या पुढच्या खोलीत कुणी ना कुणी किल्ट नेसून आरशापुढे उभं असायचं. त्याच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत, तीही पातळ. त्याचं ओरडणं मला माझ्या ओट्यापाशी ऐकू यायचं.

"अरे, झगा आहे का हा? गुडघ्याच्या मध्यावर थांबव! आणि पिन फक्त वरच्या पदराला. दोन्ही पदर एकत्र टाचलेस ना, तर बसताना फाटेल, आणि सासूबाईंना पहिल्याच दिवशी सगळा जावई दिसेल."

दिवसाच्या लग्नाला कमरेपुढे साधी चामड्याची थैली, संध्याकाळच्या मेजवानीला केसाळ. मोज्यातली सुरी उजव्या पायाला, मूठ जेमतेम दिसेल इतकीच वर. अंत्यविधीला चकाकणारं काही नको. हे सगळं तो इतक्या प्रेमाने सांगायचा की ओबडधोबड पोरंही त्याच्या खोलीतून ताठ होऊन बाहेर पडायची.

त्याची स्वतःची थैली मात्र वेगळी होती. लांब पांढरे केस, त्यात दोन काळे झुबके, आणि वरच्या पट्टीवर आमच्या भागातल्या पलटणीचं चांदीचं चिन्ह. मोज्यांच्या फितीही पलटणीच्याच रंगांच्या. लग्न असो, नाताळ असो, हेक्टर तसा सजून आला की म्हातारे सैनिक सरकून त्याला आपल्या बाकावर जागा द्यायचे.

हेक्टर कधीच पलटणीत नव्हता.

हे गावाला फार उशिरा कळलं. तरुणपणी तो भरती व्हायला गेला होता. डॉक्टरने डाव्या कानात डोकावून पाहिलं आणि त्याला घरी पाठवलं. हे फक्त त्याच्या आईला ठाऊक होतं. पुढे बहिणीच्या लग्नाच्या तोंडावर त्याच्या थैलीचा पट्टा तुटला, आणि चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत त्याला ही पांढरी थैली चिन्हासकट मिळाली. केस सुंदर होते म्हणून घेतली, इतकंच. लग्नात वराकडच्या एका म्हाताऱ्या हवालदाराने त्याच्या पाठीवर थाप मारून विचारलं, "कुठल्या कंपनीत होतास रे?" बँड जोरात चालू होता. हेक्टर हसला आणि म्हणाला, "फार दिवस झाले त्याला." म्हाताऱ्याने त्याला व्हिस्की पाजली.

त्यानंतर त्याला कधी खोटं बोलावंच लागलं नाही. लोकच त्याच्या वतीने बोलायचे. नोव्हेंबरात हुतात्म्यांच्या स्मारकापाशी सगळे जमले की तो आधी सैनिकांच्या रांगेमागे उभा राहायचा, मग हळूहळू रांगेतच. छातीवर पदकं का नाहीत, असं कुणी विचारलं तर दुसराच कुणी सांगायचा, "हेक्टरला मिरवायला आवडत नाही." मग त्याने पलटणीचा टायही घेतला.

त्या सैनिकांतला डूगल रिटची त्याचा खास दोस्त झाला. डूगल खरोखर एडनला लढून आलेला. फार कमी बोलणारा, बागकाम करणारा माणूस. उन्हाळ्यात संध्याकाळी दोघं नदीकाठच्या बाकावर बसायचे. लांबून पाहिलं तर डूगल बोलत असायचा आणि हेक्टर मान खाली घालून ऐकत असायचा.

एका फेब्रुवारीत डूगल गेला. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मी त्याची बायको इझोबेल हिच्या स्वयंपाकघरात होते. दोघी मिळून सँडविचसाठी पावांना लोणी लावत होतो. तेवढ्यात हेक्टर मागच्या दाराने आला.

"बरं झालं आलास," इझोबेल म्हणाली. "पेटी उतरवताना डोक्याकडची दोरी थोरला मुलगा धरेल. पायाकडची तू. पलटणीतलं कुणीतरी त्याच्याजवळ हवं, आणि तुझ्यापेक्षा जवळचं कोण होतं त्याला? ती पांढरी थैली घाल हं. त्याला फार आवडायची."

आमच्याकडे कबरीत पेटी उतरवताना दोरी धरायला मिळणं हा मोठा मान. घरचे विचार करून माणसं निवडतात. हेक्टरने टोपी काढून हातात घेतली.

"इझोबेल, मी पलटणीत नव्हतो."

"मग कुठल्या पलटणीत होतास?"

"कुठल्याच नाही. मला घेतलंच नाही. कानामुळे."

इझोबेलने सुरी खाली ठेवली. रागावली नाही, ओरडली नाही. तिला समजायलाच वेळ लागत होता.

"पण तो तुला सांगायचा," ती म्हणाली. "रात्री दचकून उठायचा. मी विचारायची, काय झालं, तर म्हणायचा, झोप गं, तुला नाही कळायचं. हेक्टरला कळतं. दरवेळी हेच. हेक्टरला कळतं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "काय कळत होतं रे तुला?"

"काही नाही. मी नुसता ऐकायचो."

"त्याला माहीत होतं?"

"नाही."

"सांगायचं होतंस ना!"

"पहिल्यांदा बोलायला लागला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो रडत होता, इझोबेल. कसं सांगू? आणि एकदा ऐकून घेतल्यावर मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

हेक्टरचं तोंड कानापर्यंत लाल झालं होतं. कुठे पाहावं ते मलाही कळेना. मी लोणी लावलेल्या पावाला परत लोणी लावत राहिले.

"काय सांगायचा तो?" इझोबेलने विचारलं. हेक्टरने तोंड उघडलं, तशी तिने हात वर केला. "नको. आज नको. आणि तुझ्या तोंडून तर नकोच. जा तू."

दुसऱ्या दिवशी तो घरीच बसेल असं मला वाटलं होतं. कुणी त्याला दोषही दिला नसता, कारण तोवर गावात कुणालाच काही माहीत नव्हतं. पण तो आला. किल्ट, काळा टाय, साधे राखाडी मोजे, कमरेला काळ्या चामड्याची बिनसजावटीची थैली. कबरस्तानाच्या भिंतीला टेकून सगळ्यांच्या मागे उभा राहिला. पायाकडची दोरी टॉम लेंगने धरली. टॉम सैनिकांच्या क्लबातला सगळ्यांत वडीलधारा.

परतीच्या वाटेवर ज्याने त्याने विचारलं, "काय हेक्टर, थैली विसरलास? दोरी का नाही धरलीस?" आणि हेक्टरने प्रत्येकाला तेच सांगितलं. "मी पलटणीत कधीच नव्हतो." काहींना वाटलं गंमत करतोय. एकजण हसलासुद्धा, आणि हेक्टर तसाच उभा आहे हे पाहून त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

नंतर हॉटेलात चहा होता. टॉम बशी घेऊन त्याच्यासमोर येऊन थांबला.

"म्हणजे इतकी वर्षं आमच्या टेबलाशी बसून आमची व्हिस्की प्यायलास."

"हो."

"आमच्या मेलेल्या पोरांची नावं वाचली जात होती, तेव्हा आमच्या रांगेत उभा होतास."

"हो, टॉम."

"दुसरं काही बोलायचं नाही तुला?"

"बोलण्यासारखं काही नाही."

टॉमने बशी तिथेच ठेवली आणि तो निघून गेला. हेक्टरच्या टेबलाशी कुणी बसेना. मी जाऊन बसले, तर मान वर न करता म्हणाला, "नेटा, तू ऊठ. तुलाही बोलतील."

मी उठले नाही.

त्याच आठवड्यात त्याने थैली, फिती, टाय, सगळं क्लबात नेऊन दिलं. टॉमने ते ठेवून घेतलं. बेकरीच्या गाडीपाशी बायका पाव घेताना म्हणायच्या, "दोन बटऱ्या द्या, कॅप्टनसाहेब!" तो बटऱ्या मोजून द्यायचा. लग्न ठरलेली एकदोन मुलं तरीही त्याच्याकडे आली, पण त्याने दार अर्धवट उघडून त्यांना परत पाठवलं. "कुणी कसं दिसावं हे मी सांगू नये," म्हणाला. मला ते पटलं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. त्याने ऐकलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी इझोबेल त्याच्या दाराशी आली. मी बाहेर कपडे वाळत घालत होते. हेक्टरने दार उघडलं आणि तिला पाहून एक पाऊल मागे सरकला.

"चहा टाक," ती म्हणाली. "आणि सांग. पहिल्यापासून सांग. मला झेपणार नाही म्हणून काही गाळू नकोस, डूगलने तेच केलं आयुष्यभर."

दोघं आत गेले. मी घरात आले तर भिंतीपलीकडून त्याचा आवाज येऊ लागला होता. हळू, एकसुरी, मध्येच थांबणारा. मी रेडिओ मोठ्याने लावला. हवामानाच्या बातम्या झाल्या, मेंढ्यांच्या बाजाराच्या झाल्या, कुठलीशी चर्चा झाली. मी रेडिओ बंद केला नाही.

ऊन कलल्यावर ती बाहेर आली. डोळे सुजले होते, पण चाल ताठ होती. फाटकापाशी मला पाहून थांबली.

"माफ केलंस त्याला?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. मग फाटकाची कडी सरकवत म्हणाली, "पण एक शब्द विसरलेला नाही गं तो. एडनला त्यांचं सामान वाहणाऱ्या गाढवांची नावंसुद्धा लक्षात आहेत त्याच्या. पुढच्या आठवड्यात परत येणार आहे मी. अजून संपलं नाहीये."

ती गेल्यावर मी हेक्टरकडे डोकावले. तो टेबलाशी बसला होता, तिचा कप तसाच समोर.

"दार लोट, नेटा," तो म्हणाला. "आत्ता कुणी बघायला नको मला."

मी दार लोटून घेतलं.