माझ्या जागी विहीणबाई

या वेळची सहल आईची, असं मुलाने जेवताना जाहीर केलं. आपण सगळे अंदमानला जायचं. सूनबाईने हसून मान डोलावली, चार वर्षांच्या नातीने टाळ्या पिटल्या आणि मी हातातला घास तसाच धरून बसले. साताऱ्याच्या शाळेत मी आयुष्यभर इतिहास शिकवला. काळ्या पाण्याची शिक्षा, त्या अंधाऱ्या कोठड्या, कैद्यांना जुंपायचे तो कोलू, हे सगळं मी असं रंगवून सांगायची की पोरं मधल्या सुट्टीची घंटा विसरायची. एकदा एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही स्वतः पाहिलाय का तो तुरुंग? बघायचाय, म्हटलं. पण आधी नोकरी, मग यजमानांचं आजारपण. पुढे नात झाली म्हणून चार-सहा महिन्यांसाठी बंगळुरूला आले, ती हेब्बाळच्या या बाराव्या मजल्यावरच राहिले.

मुलाने बुकिंग हौसेने केलं. हॉटेलात दोन खोल्या, एक त्या दोघांची आणि एक माझी नि नातीची. तुला तिच्याशिवाय झोप कुठे लागते, असं म्हणाला. मला ते प्रेमाचं वाटलं. मी जयनगरला जाऊन चालायचे बूट आणले आणि साताऱ्याच्या दोन मैत्रिणींना फोन करून मुद्दाम सांगितलं. होय, मिरवलं. मिरवण्यासारखं असं माझ्याकडे बऱ्याच दिवसांत काही आलं नव्हतं.

करोनाची तिसरी लाट ओसरत होती आणि बेटावर उतरायचे नियम सारखे बदलत होते. आमच्या वेळचा नियम असा होता, की लशीचे दोन डोस झालेल्यांनी नुसतं प्रमाणपत्र दाखवायचं, लहान मुलांना काहीच नको, आणि बाकीच्यांनी निघण्याआधी अठ्ठेचाळीस तासांच्या आत चाचणी करून निगेटिव्ह रिपोर्ट घ्यायचा. घोडं अडलं माझ्यापाशी, कारण माझा एकच डोस झाला होता.

तो एकच का झाला, तेही सांगते. पहिल्या डोसनंतर मला ताप भरला आणि मी दोन दिवस आडवी झाले. त्या दोन दिवसांत घराचं जे झालं, ते विचारू नका. दोघांच्या मीटिंगा चालू, मधूनच नात कॅमेऱ्यासमोर रडत उभी, कुकर करपलेला. तेव्हा मुलानेच म्हटलं होतं, की सूनबाईच्या ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज होऊन जाऊ दे, मग घे दुसरा. एक रिलीज संपलं की दुसरं यायचं, आणि मी मूग गिळून बसायची. आता तोच मुलगा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आई, वेळेवर दुसरा डोस घ्यायला काय झालं होतं गं तुला?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण सहल माझी होती, म्हणून गप्प बसले.

चाचणीच्या आधी मी स्वतःला जपलं. लिफ्टमध्येही गेले नाही, दोन्ही वेळा वाफ घेतली, हळदीचं दूध प्याले. फक्त नातीपासून लांब राहता आलं नाही, कारण तिला सांभाळणार कोण? ती प्लेस्कूलमधून गळकं नाक घेऊन आली होती आणि ते दिवसभर मीच पुसत होते. लॅबचा माणूस घरी येऊन माझ्या एकटीच्या नाकात काडी घालून गेला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या फोनवर रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. नियमाने बाकी कुणाला तपासायचं कारण नव्हतं, त्यामुळे कुणी तपासलंही नाही.

मुलगा मास्क लावून माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी पलंगावरूनच म्हटलं, "तुम्ही जाऊन या. माझ्यासाठी कशाला अडता." आता आमच्याकडे असं म्हटलं की समोरच्याने निदान दोनदा तरी छे छे, तुझ्याशिवाय कसं जायचं, असं म्हणायचं असतं. मग आपण पुन्हा आग्रह करायचा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जाणं रद्द करायचं. कुणाकडे गेल्यावर चहा नको म्हणण्याइतकी ही साधी रीत आहे आणि ती त्याला मीच लहानपणी शिकवली होती.

"नक्की ना?" एवढंच तो म्हणाला आणि फोन काढून हॉलमध्ये गेला.

तासाभरात ठरलंसुद्धा. सूनबाईची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, नागपूरहून चेन्नईला येऊन त्यांना गाठणार होत्या. त्यांचे दोन्ही डोस झाले होते. दुसरी खोली उगाच रिकामी जायला नको, असं सूनबाईने दाराबाहेरून मला समजावलं. विमानाच्या फॉर्मवर रुग्णाच्या संपर्कात आला होता का, असं विचारलं होतं. तिथे दोघांनी नाही असं लिहिलं, हे मला मागाहून कळलं. एका घरात राहून मी त्यांच्या संपर्कात नव्हते. एका परीने ते खरंच होतं.

ते गेले. समोरच्या फ्लॅटमधली कन्नड बाई रोज दाराशी सारू-भाताचा डबा ठेवून बेल वाजवायची आणि लांबून सांगायची, "अम्मा, स्वल्प ऊटा माडी." थोडं तरी जेवा, म्हणायची. घसा थोडा खवखवण्यापलीकडे मला काही झालं नव्हतं. झाला तो जळफळाट. फोनवर फोटो यायचे. निळं पाणी, पाठीवर नळकांडं बांधलेला मुलगा, सूनबाई बोटीत, आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत विहीणबाई. मला त्या बाईचा मनापासून राग आला. माझ्या खोलीत राहून माझा तुरुंग ती बघणार होती, आणि इतिहासाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. प्रत्येक फोटो मोठा करून मी त्या कोठड्या शोधायची. एकाही फोटोत त्या नव्हत्या. मला वाईट वाटू नये म्हणून पाठवत नसतील, अशी मी समजूत घातली.

परतताना विहीणबाई चेन्नईहून परस्पर नागपूरला गेल्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. तब्येतीची चौकशी झाली. मग मी शक्य तितकं गोड बोलत विचारलं, की काय मग, तुरुंग कसा वाटला?

"कुठला तुरुंग, ताई?" त्या म्हणाल्या. "मी हॉटेलच्या बाहेर पडलीच कुठं! हे दोघं सकाळीच डायव्हिंगला निघून जायचे, ते संध्याकाळी यायचे. पोरगी दिवसभर माझ्याजवळ. एक दिवस तुरुंगाचं म्हणून पाहिलं, तर जावई म्हणाले, तिथं लहान मूल कंटाळते."

तुमचीही सहल फुकट गेली म्हणायची, असं काहीतरी मी पुटपुटले.

"माझी कुठली सहल?" त्या अगदी सरळ म्हणाल्या. "मला तर जावयांनी फोनवरच सांगितलं होतं न. आईला पोरीसाठी नेणार होतो, आता ती येऊ शकत नाही, तर तुम्ही याल का म्हणून."