मामंजींच्या ऑर्किडची तहान

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, घरी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारत नसत. पाहुणा मे महिन्याच्या उन्हात आमच्या पडेगावपर्यंत येऊन घामानं निथळत असला, तरी त्याला म्हणायचे, "बसा जरा. आधी झाडांचं उरकू द्या." पाहुणा बसायचा. जाणार कुठं? परतीची बस तासाभरानं असायची.

झाडं म्हणजे ऑर्किडं. कचेरीतून निवृत्त झाल्यावर मामंजींनी घरामागं लोखंडी अँगल ठोकून, वर हिरवी जाळी ताणून मांडव उभा केला होता. आमच्याकडं उन्हाळ्यात रस्त्यावरचं डांबर पातळ होतं आणि पाणी टँकरनं येतं. अशा ठिकाणी आसामच्या जंगलातली झाडं लावावीत, हे दुसऱ्या कुणाला सुचलं असतं? घरातला एकुलता एक कूलर मांडवात गेला. आम्ही गच्चीवर झोपायला लागलो. सासूबाई एकदा म्हणाल्या, "मला बी एखाद्या कुंडीत बसवा, म्हंजे थंड वाटंल." मामंजींनी नीट विचार केला आणि म्हणाले, "जागा नाय."

सगळ्यांत लाडकं होतं ते कोपऱ्यातलं डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड. छावणीतून बदली होऊन जाताना एका फौजी साहेबानं ते दिलं होतं आणि सांगितलं होतं, की याला जांभळी फुलं येतात. नऊ वर्षं झाली, फुलाचा पत्ता नव्हता. मामंजी निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. "सबर लागतं, सबर," म्हणायचे आणि फवारा मारायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दिवाळीनंतरच्या कडाक्याच्या थंडीतसुद्धा. फुलांऐवजी त्या झाडाला दरसाल पिल्लं फुटायची, कांडीच्या पेरांवर चिमुकली रोपं. ती नारळाच्या शेंडीत बांधून मामंजी लग्नामुंजीत आहेर म्हणून न्यायचे. निम्म्या नातलगांनी आम्हांला पत्रिका पाठवणं बंद केलं, आणि मी त्यांना दोष देत नाही.

मग एका कार्तिकात मांडवातल्या शेवाळावरून घसरून त्यांनी मांडीचं हाड मोडून घेतलं. शेवाळ मात्र सुरेख वाढलं होतं. ऑपरेशननंतर सासूबाई त्यांना घेऊन नांदेडला, माझ्या नणंदेकडं राहायला निघाल्या. गाडीत आडवं केल्यावर मामंजींनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील.

"सूनबाई, दोन टाइम पाणी. त्याचा जीव तुझ्या हातात हाय."

मी हो म्हटलं, आणि घातलं नाही. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, घरात तान्हं बाळ होतं, आणि ऑर्किडपेक्षा लंगोट जास्त निकडीचे होते. पुढच्या कुंड्यांवर कधीमधी तांब्याभर पाणी शिंपडायची. कोपऱ्यातलं झाड राहूनच जायचं. पौषात पाहिलं, तर त्याची सगळी पानं गळून नुसत्या वाळक्या कांड्या उरलेल्या. वाटलं, मेलं हे. मामंजी फोनवर विचारायचे, "कसं हाय?" मी म्हणायची, "मजेत आहे." इतकं सफाईदार खोटं माहेरच्यांनी माझं लग्न जमवतानाही बोललं नसेल. पुढं तर मी भीतीनं मांडवाकडं फिरकलेच नाही.

फाल्गुनात मामंजी परतले. वॉकर धरून, चहासुद्धा न घेता थेट मांडवाकडं निघाले. आज खरं सांगून टाकायचं, असं ठरवून मी मागोमाग गेले.

कोपऱ्यातल्या कांड्यांवर एक पान नव्हतं. पेरापेराला जांभळी फुलं लगडली होती.

मामंजींनी वॉकर पुढं सरकवून एका कांडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पाणी किती घातलं?"

"थेंबसुद्धा नाही, मामंजी." मला रडूच फुटलं.

"सगळा हिवाळा?"

"सगळा हिवाळा."

"म्हंजे नऊ वर्षं मीच फुलू देत नव्हतो व्हय तुला?" हे ते मला नाही, झाडाला म्हणाले. त्या माणसावर मी इतकी वर्षं मनातल्या मनात चरफडले होते. त्या क्षणी मात्र त्यांची फार फार माया आली. मी म्हटलं, "तुम्ही जगवलंत म्हणून तर फुललं ना."

"गप. खोटं तू फोनवरच चांगलं बोलतीस."

त्यानंतर ते दोन हिवाळे जगले. फवारा घरात ठेवून रोज सकाळी त्या झाडासमोर खुर्ची टाकून बसायचे. हात शिवशिवायचे बिचाऱ्यांचे, पण पाणी घातलं नाही. दोन्ही वर्षं फुलं आली.

तिसऱ्या कार्तिकात मामंजी गेले. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि मी फवारा उचलला. हिवाळ्यात त्या झाडाला पाणी घालायचं नसतं, हे घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी घातलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पार फाल्गुनापर्यंत. त्या साली फूल आलं नाही. पिल्लं आली, पाच. त्यातलं एकही मी कुणाला दिलं नाही.