सरकारी जागेतला दगड

ती तक्रार आजही माझ्या मनातून गेलेली नाही. पांढरकवड्याच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कापसाच्या भावावरून रोज कुठेतरी रस्ता अडवला जाई आणि ठाण्यातली निम्मी माणसं खरेदी केंद्रांवरच्या बंदोबस्तात अडकलेली असत. अशाच एका दिवशी कोलामांच्या पोडावरची, म्हणजे रानातल्या वस्तीवरची, एक म्हातारी तीन कोस चालत आली. मी जीपमधून उतरेपर्यंत ती सकाळपासून व्हरांड्यात बसून होती.

"साहेब, माह्या पोरीच्या उशाचा दगड कोनं तरी उपटला. खालचं कडं नेलं."

मुलगी बाळंतपणात गेली होती. पोडामागच्या सरकारी पडीक जमिनीत तिला पुरलं होतं आणि उशाच्या दगडाखाली तिच्या हातातलं चांदीचं कडं ठेवलं होतं. खरं सांगतो, मी तक्रार लिहून घेतली ती म्हातारी घरी जावी म्हणून.

तिसऱ्या दिवशी बाजारातल्या एका सराफाचा फोन आला. एक गृहस्थ कडं दाखवून ते किती जुनं आहे असं विचारत होता, आणि कड्याच्या खाचांत माती होती. आम्ही त्याला दुकानातच गाठलं. पुसदकडचा, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. पिशवीत मेटल डिटेक्टर आणि खुरपं.

ठाण्यात तो जराही घाबरला नाही. "मी नियमानं वागणारा माणूस आहे साहेब. कोणाच्या शेतात पाय ठेवत नाही. फक्त सरकारी जागेत फिरतो. हा माझा छंद आहे."

"परवानगी कोणाची घेतली?"

"पडीक जागेला कसली परवानगी? तिथं नुसते दगड होते."

"किती?"

"नऊ-दहा असतील. एका ओळीत."

"पडीक जागेत दगड ओळीत कोण लावतं?"

तो हळूच म्हणाला, "मला शंका आली होती. पण मशीन वाजत होतं."

म्हातारीनं कडं लगेच ओळखलं. तुटलेल्या जागी तिच्या नवऱ्यानं तांब्याची तार गुंडाळली होती. दफनभूमीची विटंबना केल्याचा गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं. दोन वर्षांनी आरोपीनं गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि तो घरी गेला. मुद्देमाल परत करण्याचा आदेश झाला. मी कडं म्हातारीच्या हातात दिलं, पावतीवर अंगठा घेतला. ती जाईना.

"मंग आता दगड उभा करू का साहेब?"

मला आधी कळलंच नाही. त्या जागेच्या पंचनाम्याच्या दिवशी मीच पोडावरच्या लोकांना बजावलं होतं, "मी सांगेपर्यंत इथं कोणी हात लावायचा नाही." पंचनामा तासाभरात उरकला आणि मी जीपमध्ये बसून निघून आलो. पोडावर परत कोणी सांगायला गेलं नाही. दोन पावसाळे तो दगड तसाच आडवा पडून होता, खड्डा तसाच उघडा.

"काहून विचारलं नाही तुम्ही?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"दोनदा आलती. तुमी बंदोबस्ताले गेलते."

आरोपीनं तो दगड एका दुपारी पाडला. दोन वर्षं तो पडून राहिला तो माझ्या शब्दामुळे. गरीब माणूस पोलिसाचा हुकूम अक्षरशः पाळतो. तो मागे घेणंही आमचंच काम आहे, हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी शिकवलं नाही. दगड उभा करायला मी स्वतः जायला हवं होतं. गेलो नाही.