डोंगराला उजवी घालून

निघायच्या आधी आठवडाभर मी पाठीवर सॅक घेऊन दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या ब्लॉकभोवती फेऱ्या मारत होते. वजन हवं म्हणून सॅकमध्ये कणकेची पिशवी आणि तिच्यावर तूरडाळ. खालच्या मजल्यावरच्या शुक्ला भाभींनी तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, "भाभीजी, आप रोज़ आटा पिसवाने जा रही हैं क्या?" डोंगरात जायची तयारी आहे असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिने माझा उरलासुरला धीरही गेला.

बेत लेकीचा, मृण्मयीचा. ती गुडगावला नोकरी करते. आईबाबांना गढवालात नेऊन एका डोंगराभोवती चालत फिरवून आणायचं, ज्या गावातून निघायचं त्याच गावात चार-पाच दिवसांनी परत यायचं, असं तिने ठरवलं होतं. मुक्काम कुठे, पाणी कुठे, चढ किती, सगळं तिने इंटरनेटवरून शोधून कागदावर छापून आणलं होतं. करोल बागेतून तिघांचे बूट आले, रेनकोट आले. माझे बूट दुकानात बरोबर होते, घरी आल्यावर घट्ट झाले. ते कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही.

पण माझ्या डोक्यात बुटांपेक्षा मोठा गोंधळ होता. अविनाश, माझा नवरा, वर्षअखेरीला मंत्रालयातून निवृत्त होणार. म्हणजे हे सरकारी क्वार्टर सोडायचं. साताऱ्याला धाकट्या दिरांनी, सुधीरभावजींनी, वरचा मजला आमच्यासाठी राखून ठेवलाय. पण आता त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना हो की नाही ते हवं होतं. ट्रेकहून आल्यावर सांगतो, असं अविनाशने त्यांना कळवलं आणि मग प्रश्न अलगद माझ्या पदरात टाकला. "तू म्हणशील तसं करू," म्हणाला. आयुष्यभर भाजी कुठली करायची तेसुद्धा ज्याने स्वतः ठरवलं, त्याने हे माझ्यावर सोडलं होतं. मी पहाडगंजच्या एका शाळेत मराठी शिकवते. तिशीच्या आत दिल्लीत आले ती इथलीच झाले की नाही, हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

पहाटे काश्मिरी गेटहून बस पकडली. डेहराडूनला जेवण, पुढे जीप, आणि दिवेलागणीला गाव. नाव सांगत नाही. गर्दी होते म्हणून मृण्मयीने बजावलंय. अक्रोडाच्या झाडाखाली पत्र्याचं चहाचं दुकान, समोर नदी, आणि मधोमध तो डोंगर. त्याच्या माथ्यावर देवीचं छोटं देऊळ.

देऊळ पाहिलं आणि अविनाशने दुसऱ्या सकाळी, निघताना, जाहीर केलं, "डोंगराला उजवी घालून जायचं."

"बाबा, प्लॅन उलटा आहे," मृण्मयी म्हणाली. "सगळे नदीकडून सुरू करतात. डोंगर डाव्या हाताला येतो."

"देवी आहे वर. तिला डावी घालतात का? कागद तोच आहे, शेवटून वाचू. बिल्कुल काही फरक पडत नाही."

मृण्मयीने माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीप्रमाणे कुणाच्याच बाजूने बोलले नाही. चहावाल्याने विचारलं, "ऊपर वाले रास्ते से जाओगे? इधर से तो कोई नहीं जाता." अविनाशने त्याला उजवी घालणं हिंदीतून समजावून सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या चहात साखर घालायला लागला.

फरक पडला. शेवटून वाचलेल्या कागदात जिथे जिथे 'सोपा उतार' होता तिथे तिथे आम्ही जीभ बाहेर काढून चढत होतो. 'पाणी उजवीकडे' म्हणजे आता डावीकडे, हे दर वेळी कुणीतरी विसरायचं. बांजाच्या (ओकच्या) जंगलात वाटेला फाटे फुटत होते. दगडांवर पिवळ्या रंगाच्या खुणा असतील असं कागदात लिहिलं होतं. आम्ही दगडन् दगड पाहिला, एकही खूण नाही. दोनदा चुकलो. अविनाश म्हणाला की तरुणपणी सह्याद्रीत त्याला कधी खुणांची गरज पडली नव्हती, आणि तिसऱ्यांदा चुकवलं ते त्यानेच.

दम खायला मी एका मोठ्या शिळेला टेकले आणि आलो त्या वाटेकडे तोंड करून उभी राहिले. अंगठ्याएवढा दिसणारा पिवळा ठिपका खालच्या दगडावर होता. आम्ही तिघंही त्याच दगडाला वळसा घालून वर आलो होतो. तेव्हा उमगलं. खुणा समोरून येणाऱ्यांसाठी काढलेल्या होत्या. आम्हाला त्या फक्त मागे वळून पाहिलं तरच दिसणार.

मग माझं काम ठरलं. मी सगळ्यात मागे चालायचं, वळून पाहायचं आणि ओरडायचं, "दिसली." म्हणजे आतापर्यंत बरोबर आलो. पुढचं कुणालाच माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हळू चालण्याचा घराला उपयोग होत होता.

दुसऱ्या दिवशी झाडं संपली आणि बुग्याल (उंचावरचं गवताळ कुरण) लागलं. गवत सोनेरी झालेलं, लांबवर बर्फाची रांग. तिथे एका छानीत (गुरं घेऊन राहायच्या झोपडीत) मुक्काम केला. छानीतली बाई, विमला, दोन दिवसांत गुरं घेऊन खाली उतरणार होती आणि त्या घाईत आम्ही आलो म्हणून जराशी वैतागलेलीच होती. डोकेदुखीची गोळी आहे का, एवढं तिने विचारलं. मी पट्टीच देऊन टाकली. मग तिने मंडुव्याची रोटी वाढली. तोंडात घास गेला आणि आम्ही नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. नाचणीची भाकरी.

"आईच्या हातची," अविनाश म्हणाला आणि आणखी एक मागून घेतली. मला वाटलं, संपलं, आता सातारा. आणि मला नक्की काय वाटलं ते सांगता येत नाही. त्याच्यासाठी बरं वाटलं, माझ्यासाठी नाही.

"ही काळी रोटी कशाची आहे, यार?" मृण्मयीने विचारलं. तिला नाचणी हा शब्द माहीत नव्हता. मराठीच्या बाईची मुलगी.

तिसऱ्या दिवशी धुकं आलं. डोंगराची मागची बाजू, बरोबर अर्ध्यावर. दहा पावलांपुढचं दिसेना. मृण्मयी म्हणाली परत फिरू, अविनाश म्हणाला पुढे जाऊ, दोघांचे आवाज चढले. शेवटी दोघं माझ्याकडे वळले. "आई, तू सांग." "हो, तूच सांग."

मला काय कळत होतं? पण बोलले. मी शेवटच्या खुणेपाशी उभी राहते, म्हटलं. तुम्ही दोघं पुढे जा, हाक ऐकू येईल एवढंच. तिथून मागे वळून खूण शोधा. दिसली की बोलवा, मी येते. नाही दिसली तर माझ्या आवाजाच्या दिशेने परत या.

असं आम्ही पुढे सरकलो. मी एकटी दगडाला हात लावून उभी, चहूकडे पांढरं, आणि धुक्यातून आवाज यायचा, "दिसली. ये." एकदा बराच वेळ आवाज आला नाही. मी हाका मारल्या, उत्तर नाही. मला रडू फुटलं. त्या वेळी मला ना सातारा आठवला ना दिल्ली. या दोघांची हाक ऐकू येईल इतपत अंतरावर राहायचं, बाकी कुठलंही गाव चालेल, एवढंच मनात होतं. मग डावीकडून अविनाशचा आवाज आला, "दिसली गं, ये," आणि मी गुडघे दुखत असताना पळाले.

शेवटच्या दिवशी ऊन पडलं. नदीच्या काठाने आरामात चालत होतो. दुपारी एक गाव दिसलं, अक्रोडाची झाडं, पत्र्याची छपरं. आमच्या मते प्लॅनमध्ये हे गाव नव्हतं. अविनाश पुढे झाला आणि चहाच्या दुकानातल्या माणसाला म्हणाला, "भाईसाहब, ये कौन सा गाँव है?"

त्या माणसाने किटली खाली ठेवली. "आप ही तो यहाँ से चाय पीकर गए थे."

मृण्मयी हसून हसून खाली बसली. मीही हसले. अविनाश मात्र वळून, आम्ही निघालो होतो त्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि तिथून गाव पाहून आला. चहा निवून गेला तरी त्याने घेतला नाही. मृण्मयी जीपची चौकशी करायला गेली तेव्हा म्हणाला, "दुसऱ्या बाजूने आलो तर ओळखता आलं नाही गं. सातारलाही असंच होईल का?"

मी त्याचा चहा परत गरम करून मागितला.

दिल्लीत उतरलो तेव्हा रस्त्यात जाम होता. ऑटोवाला चुकीच्या बाजूने वळवायला लागला तर डोळे मिटून बसलेला अविनाश म्हणाला, "यहाँ से नहीं, आगे से बाएँ लो, भैया. फिर स्कूल के पीछे से." डोळे उघडले नाहीत. मृण्मयी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी ती गुडगावला गेली आणि मी बाल्कनीत जाऊन सुधीरभावजींना फोन लावला. अविनाश आत सॅकमधली माती झटकत होता.

"मग वहिनी, कधी येताय राहायला?"

"वरचा मजला मुलाला द्या, भावजी," मी म्हटलं. "आम्ही गणपतीला येऊ. पाहुणे म्हणून."

"दादाला विचारलंत ना?" ते म्हणाले. मी हो म्हटलं. खरं म्हणजे विचारलं नव्हतं. क्वार्टर सोडून इथे नेमकं कुठे राहणार, तेही मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. फोन ठेवला. आतला झटकण्याचा आवाज थांबला होता. त्याने ऐकलं असणार. पाठमोरी तशीच उभी राहिले, मागे वळून बघायचा धीर होईना.

"दिसली का?" आतून त्याने विचारलं.

मी वळले. तो दाराशी बूट हातात घेऊन उभा होता.

"दिसली," मी म्हटलं. "ये."