पिंपांचा वास

अन्याय माझ्या मामावर झाला. गेल्या अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, बार्शीटाकळीच्या अलीकडच्या एका फाट्यावर. करणारे बरेच होते आणि सगळे सावलीत बसले होते.

मामा अकोल्याबाहेरच्या दारूच्या कारखान्यात ओकची पिंपं दुरुस्त करायचा. परदेशी लाकडाची ही पिंपं. त्यांत दारू वर्षानुवर्षं मुरवतात. आपल्या उन्हात रिकामं पिंप सुकतं, फळ्या आकसतात, गळायला लागतं. मामा लोखंडी कड्या ठोकून त्या फळ्या पुन्हा आवळायचा. भरलेल्या पिंपांच्या गोदामाला कूलर होते, कारण उकाड्यानं दारू उडून जाते. मामाचं काम मात्र बाहेर, टिनाखाली.

दारू प्यालेलं लाकूड दिवसभर मांडीशी धरल्यावर वास लागणारच. तो स्वतः थेंब घेत नव्हता. मामी त्याला आधी अंगणात आंघोळ करायला लावायची, मगच घरात. कुठल्या ना कुठल्या अन्यायावर पत्रकं छापून वाटणं हा माझा उद्योग. मी चिडवायचो, "मामा, तुह्याजवळ बसलं का फुकटात चढते."

"बस मंग. तुह्या पत्रकायपेक्षा तं बरी चढते."

त्या दिवशी दुपारीच सुट्टी झाल्यावर तो फाट्यावर उतरला आणि थांब्याच्या बाकाजवळ उन्हात कोसळला. पानठेलेवाल्यानं ओळखून मला फोन केला. "तुमचे मामा लय पिऊन पडले बापा. घेऊन जा."

मी अकोल्याहून गाडी दामटत गेलो. मामा अजून उन्हातच होता. कपाळ तव्यासारखं, अंगावर घामाचा टिपूस नाही. ऊन लागलेलं आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बाकावरच्या एकाला विचारलं, "सावलीत तरी काहून नाई घेतलं?"

"वास येऊन रायला होता ना भाऊ. आमाले वाटलं, उतरली का उठीन."

दवाखान्यात पोचेपर्यंत मामा गेला.

तिसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस हार घेऊन आला आणि मामीसमोर म्हणाला, "कामाला चांगला होता. पिण्यानं घात केला." आता गावात तेच चालतं. मामेबहिणीला बघायला आलेले पाहुणेही चहा पिता पिता तेच विचारून गेले. 'मामा पीत नव्हता' असं पत्रक मी छापून वाटलं. लोक वाचतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि एकमेकांकडे बघतात.

मला तुमची हळहळ नको. या उन्हाळ्यात कोणी रस्त्यात पडलेला दिसला, अंगाला कितीही वास येत असो, आधी त्याच्या कपाळाला हात लावा. सावलीत ओढा, डोकं भिजवा, गाडी बोलवा. पिणाऱ्यालाही ऊन लागतं. त्याचं चारित्र्य मग तपासा.