मापारी काकाजींची नाव

माणूस समोर आला की मापारी काकाजी आधी त्याचं वजन सांगायचे आणि मग नाव विचारायचे. पुलगावात त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं बघायला मी गेले, तेव्हा दारातच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पंचावन किलो. या, बसा." मी शाळेत शिकवणारी बाई, नव्या गावात पहिल्याच दिवशी कुणी असं तोलावं याचा मला संताप आला. "बावन्न," मी ठणकावून सांगितलं. "मंग तुमचा काटा खोटा हाय, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. खोली मी घेतली, पण हा वाद आमच्यात पुढं बराच काळ चालला.

त्यांचा जन्म कापसाच्या बाजारात काटा सांभाळण्यात गेला होता. कापसाची गाडी काट्यावर चढली की आधी गाडीवानाला खाली उतरवायचं, हा तिथला नियम. "उतर, उतर! माल तोलाचा हाय, तुले नाई!" ही त्यांची हाक रिटायर झाल्यावरही सुटली नाही. घरातलं मांजर बाजेवर चढलं तरी त्याला तीच हाक. काकू हसायच्या आणि मांजराला मांडीवर घ्यायच्या.

काकू नदीकाठच्या. त्यांचे वडील वर्धा नदीवर डोंगा चालवायचे. लग्न होऊन त्या आल्या स्टेशनामागच्या गल्लीत, जिथं पाणी म्हणजे नळाला येईल तेवढंच. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. फक्त म्हातारपण नदीजवळ काढू, एवढं म्हणायच्या. काकाजींनी ते लक्षात ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण एक दिवस ते धरणाच्या कामावरची भंगारात निघालेली लोखंडी नाव ट्रॅक्टरवर घालून घेऊन आले. लांबच लांब आणि इतकी अरुंद, की आत समोरून माणूस आला तर दुसऱ्यानं तिरकं व्हावं. गाव पोट धरून हसलं. मीही हसले.

पावसाळा गल्लीतल्या घरात आणि उरलेलं वर्ष नदीवरच्या बंधाऱ्यानं अडलेल्या पाण्यात, असा त्यांचा बेत होता. छप्पर झालं, खिडक्या झाल्या, आणि गाडं स्वयंपाकघरावर अडलं. काकाजींनी ओटा आधी मागच्या टोकाला केला, कारण दार तिथं. नावेचं शेपूट बुडालं आणि तोंड वर आलं. मग ओटा मधोमध आणला, डाव्या अंगाला. तोही बुटका, बसून रांधायचा. वजन खाली राहिलं पाहिजे म्हणून. डावीकडे ओटा, शेगडी आणि डबे. उजवीकडे पाण्याचा ड्रम, सिलिंडर आणि लोखंडी पेटी. एकूण एक वस्तू त्यांनी काट्यावर चढवली, पाटा-वरवंटासुद्धा. मग नावेच्या मधोमध एक थाळी ठेवली आणि त्यात पाणी ओतलं. पाणी काठोकाठ सारखं उभं राहिलं. "पाहा!" ते म्हणाले. त्यांना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं.

काकू वरण लावायला ओट्यापाशी बसल्या आणि थाळीतलं पाणी त्यांच्या बाजूला सांडलं. पातेल्यातलं वरणही एका अंगाला गेलं. काकाजी डोकं धरून बसले. काकू मात्र हसत सुटल्या.

"आन मी? मले काऊन नाई तोललं?"

जन्मभर माणसांना काट्यावरून उतरवणाऱ्या माणसानं स्वयंपाकघर तोललं होतं, रांधणारीला सोडून.

आता ओटा हलवावा तर पुन्हा सगळी जुळवाजुळव. तेव्हा काकूंनीच तोड काढली. "तुमी समोर बसत जा," त्या म्हणाल्या. तेव्हापासून काकू ओट्यापाशी बसल्या की काकाजींना उजव्या बाजूला, बरोबर त्यांच्या समोर बसावं लागायचं. इतक्या वर्षांच्या संसारात जो माणूस स्वयंपाकघरात फक्त जेवायला यायचा, तो भाकरी थापून होईस्तोवर बायकोसमोर बसून राहू लागला. मी रविवारी जायची, तर दोघं गप्पा मारत असायचे. बसल्या बसल्या ते लसूण सोलायचे. मला मधोमध बसवायचे, थाळीशेजारी. एकटीच्या खोलीवर परत जाताना मला त्या दोघांचा थोडा हेवा वाटायचा, हे खोटं कशाला सांगू?

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. चार दिवस तापाचं निमित्त झालं, बस.

दिवसकार्य आटोपून त्यांचा मुलगा बंगळूरला आपल्या नोकरीवर परत गेला. काकाजींनी मात्र त्याच्याबरोबर जायला साफ नकार दिला आणि ते नावेवर परतले. पहिल्या रविवारी मी गेले तर नाव उजवीकडे कललेली. ते आपल्या जागेवर बसलेले, समोर रिकामा ओटा, आणि थाळीतलं सगळं पाणी त्यांच्या अंगाला. ओट्यावर हात पोचेल तेवढं वाकून ते खिचडी टाकायचे आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसायचे. मला ते बघवेना. उन्हाळ्यात वावटळ आली आणि कललेली नाव पालथी झाली तर? मी त्यांना ओटा हलवायला सांगितलं. निदान मधोमध तरी बसा, म्हटलं.

"मधात बसून कोणाकडे पाहू?" ते म्हणाले.

मग मी सरकीचं पोतं सुचवलं. ते मात्र त्यांनी आणलं, काट्यावर तोललं, काकूंच्या वजनाइतकं भरून काकूंच्या जागी ठेवलं. थाळीतलं पाणी एकदम सारखं झालं. पुढच्या रविवारी पोतं काठावर पडलेलं दिसलं. एक गाय त्यात तोंड घालून सरकी खात होती.

"ते पोतं हालत नाई, मॅडम," काकाजी म्हणाले. "ती भाकर थापाले वाकली का नाव डुले. निजल्या निजल्या मले समजे, का आता उठली, आता चहा ठेवून राह्यली. हे पोतं नुसतं बसून राह्यते."



या उन्हाळ्यात माझी जाम गावाजवळच्या शाळेत बदली झाली. सांगायला गेले तेव्हा काकाजींनी हातातला लसूण खाली ठेवला. मग ओट्याकडे हात करून म्हणाले, "चहा करता का?"

काकू गेल्यापासून त्या जागेवर त्यांनी कुणाला बसू दिलं नव्हतं. मी अंग चोरून बसले. नाव हळूच सरळ झाली. मी साखरेच्या डब्यासाठी वाकले तशी जराशी डुलली, आणि काकाजींनी डोळे मिटून घेतले. चहा उकळला तरी ते उघडेनात. आम्ही चहा प्यायलो.

"उतरताना सावकाश उतरजा," ते म्हणाले.

मी सावकाशच उतरले. काठावर पाय टेकला आणि मागं वळून पाहिलं, तर नाव पुन्हा त्यांच्या अंगावर कलत होती. खिडकीतून त्यांचा आवाज आला.

"पंचावनच हाय तुमी, मॅडम. बावन असत्या त नाव एवढी सरळ नसती झाली."

"पंचावन्नच, काकाजी," मी म्हटलं.