मिरकरवाड्यातला दशैं

करबीर नेपाळातल्या अछामचा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात तो रशीदशेठच्या लाँचवर खलाशी होता. बंदरात सगळ्याच नेपाळ्यांना ‘बहादूर’ म्हणत. पहिल्या वर्षी तो ‘माझं नाव करबीर’ म्हणून सांगत फिरला, मग त्याने नाद सोडला. पण दशैं काही सुटेना. दशैं म्हणजे त्यांचा दसरा, वर्षाचा मोठा सण. तो यायचा नेमका मासेमारीच्या भरात. तेव्हा कुठला शेठ गावी सोडतोय!

२००३ साली त्याने ठरवलं, जाता येत नाही ना, मग इथेच करू. लाँचींवरचे खलाशी, बागांतले राखणदार, सगळ्यांना भाट्याच्या किनाऱ्यावर जमवायचं. सगळ्यांत वडील दलजितकाका, आंब्याच्या बागेत राखणीला. त्यांच्या हातून कपाळी टिका लावून घ्यायचा, डोक्यावर जमरा ठेवायचा. जमरा म्हणजे अंधारात उगवलेले जवाचे पिवळे कोंब.

महिनाभर आधी त्याने शेठला विचारलं.

“दसऱ्याला लाँच धक्क्यालाच असेल. जा खुशाल,” शेठ म्हणाला.

घटस्थापनेला करबीरने मासळीच्या फुटक्या पेटीत माती भरून जव पेरले आणि पेटी धोंडू तांडेलाकडे नेली. धोंडू त्याच लाँचचा तांडेल, म्हणजे लाँच हाकणारा म्होरक्या. त्याची बायको सगुणा पेटी बघून हसली. “अरे, हे तर आमच्या घटासारखंच! ठेव देवाच्या खोलीत. तू दर्यावर गेलास की मी पाणी घालीन.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बांगडा लागला. लाँची भरभरून येऊ लागल्या. संध्याकाळी शेठ धक्क्यावर आला आणि म्हणाला, “बर्फ भरा. पहाटे निघायचं.”

“शेठ, उद्याची सुट्टी बोललात तुम्ही.”

“बोललो तेव्हा बांगडा नव्हता.”

“वर्षातून एकच दिवस मागतो, शेठ.”

“बहादूर, मी कुवेतला किती ईदी काढल्या माहीत आहे? नमाज पढायची नि सरळ कामावर. मेलो काय? सवय होते.”

ज्याने भोगलंय त्याला तरी कळावं! करबीरने सोबतच्या दोघा नेपाळ्यांकडे पाहिलं. दोघेही मुकाट बर्फ फोडायला लागले होते. एकटा अडला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा बहादूर उभा राहिला असता. त्याने फावडं उचललं.

दसऱ्याला धोंडूने इंजिनाला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि करबीरच्या कपाळाला कुंकू लावलं. “सणाचं कपाळ रिकामं नको रे.”

करबीरने ते मनगटाने खसकन पुसून टाकलं. “हा माझा सण नाही.”

धोंडू जाळ्याकडे वळला. त्यानंतर जाळं ओढताना त्याने करबीरला एकदाही हाक मारली नाही. भल्या माणसावर राग काढला, याचाच करबीरला जास्त राग आला.

परतल्यावर सगुणाने पानात गुंडाळलेले थोडे कोंब त्याच्या हातात ठेवले. “तुझी माणसं येऊन बाकीचे कोंब घेऊन गेली. तुझी फार वाट बघितली त्यांनी.”

टिका पुनवेपर्यंत घेता येतो. पण मासळी उतरली नाही तोच लाँच पुन्हा सुटली. करबीर दलजितकाकांच्या बागेत पोचला तेव्हा पुनव उलटून गेली होती. कोंब वाळून काडी झाले होते.

“आता नाही चालत, बाबा,” काका खाली मान घालून म्हणाले. “चहा घे.”

करबीर चहा न घेताच निघाला.

पुढच्या हंगामात तो लाँचवर चढलाच नाही. काकांच्याच बागेत राखणीला लागला. तिथे आंब्याचं काम दसरा उलटल्यावर सुरू होतं, म्हणून मालकाने दशैंला गावी जायला आपणहून सुट्टी दिली. करबीरने आईसाठी लुगडं घेतलं, पिशवी भरली. मग अछामच्या बाजारातल्या दुकानदाराकडून आईचा निरोप फोनवर आला. “येऊ नको. बंडखोर गावातली जवान पोरं लढायला उचलून नेतायत. आहेस तिथेच राहा.”

घटस्थापनेला काकांनी विचारलं, “जव पेरायचे ना?”

“तुम्ही पेरा,” करबीर म्हणाला आणि कोयता घेऊन गवत कापायला गेला.